सोडा, व्हिनेगर आणि केकवर न लिहायचं वाक्य

पत्र: मी १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. आमच्याकडे छोटा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) आहे. सहा जणांच्या आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या वाढदिवसाचा केक मीच करते, सामानही माझंच असतं. पण गेले दोन्ही केक फुगले आणि मधोमध खचले, वर साबणासारखी चव. पाककृतीत मैदा, साखर, बटर, अंडी, दूध आणि २ छोटे चमचे बेकिंग पावडर होती. पावडर संपली होती म्हणून खायचा सोडा तेवढाच घातला. मिश्रण तयार झाल्यावर फोन आला, त्यात अर्धा तास गेला. लवकर व्हावा म्हणून २०० अंशांवर ठेवला, दोनदा दार उघडून पाहिलं, वरून तपकिरी दिसला तसा २२ मिनिटांनी काढला. आता बारा दिवसांनी ज्याचा वाढदिवस आहे तो मुलगा मला वर्षभर आवडतो. केकवर तसं लिहून सगळ्यांसमोर सांगावं असं मनात आहे. ग्रुपमधल्या दोघी म्हणतात, भारी होईल. रूममेट मात्र हल्ली ओट्यावरून आणि भांड्यांवरून तुटक बोलते. वाढदिवसानंतर पाचव्या दिवशी परीक्षा सुरू. काय करू? – मधोमध खचलेली

प्रिय मधोमध खचलेली,

आधी केकचं बोलू, कारण त्याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे.

मुख्य घोळ सोड्याचा. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, त्याला लागणारं कोरडं आम्ल आणि थोडं स्टार्च यांचं तयार मिश्रण. खायचा सोडा म्हणजे नुसता सोडा, ताकदीला पावडरीच्या तिप्पट-चौपट. म्हणजे तू दोन चमचे पावडरीच्या जागी सहा ते आठ चमच्यांचा ऐवज घातलास. इतका वायू सुटला की बुडबुडे वाढत गेले, एकमेकांत मिसळले, फुटले, आणि केकचा मैदा घट्ट व्हायच्या आतच सगळा डोलारा खाली बसला. शिवाय तुझ्या यादीत आंबट असं काहीच नाही. आम्ल मिळालं नाही की ओव्हनच्या उष्णतेने सोड्याचं विघटन होतं आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. धुण्याचा सोडा म्हणतात तो हाच. तेव्हा साबणाची चव आली ही तुझी कल्पना नव्हे. केकचा रंगही नेहमीपेक्षा गडद आला असेल.

बाकीच्या चुका यावर चढलेल्या. २०० अंशांवर कडा लगेच घट्ट होतात आणि मधला भाग कच्चाच राहून वर ढकलला जातो. वरचा तपकिरी रंग फक्त वरच्या सळईची बातमी देतो, आतली नाही. दार उघडलं की छोट्या ओटीजीतली गरम हवा क्षणात बाहेर जाते, आणि आत अजून न धरलेला भाग तिथेच बसतो. अर्ध्या तासाच्या फोनने या केकचं फार बिघडवलं नसेल, फेटलेल्या अंड्यांतली हवा तेवढी गेली असेल. पण पुढे सांगते त्या केकला तसा फोन परवडणार नाही.

वाढदिवसासाठी बटर-अंड्यांचा केक सोडून दे आणि तेल-व्हिनेगरचा चॉकलेट केक कर. बीटर नको, अंडी नकोत, आणि सोड्याला त्याचं आम्ल मिळतं. बटर थंड झालं की घट्ट होतं, म्हणून फ्रिजमधला बटर केक कडक लागतो. तेल पातळच राहतं, त्यामुळे हा केक दोन-तीन दिवस मऊ असतो आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतो. परीक्षा तोंडावर असताना हे महत्त्वाचं आहे.

८ इंची डब्याचं माप असं: मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३ मोठे चमचे, खायचा सोडा १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, वास नसलेलं तेल ८० मिली, साधं पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा, पाणी २४० मिली. छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा म्हणजे १५ मिली, दोन्ही काठोकाठ सपाट. हे मापाचे चमचे विकत घे. जेवणाच्या चमच्याला ठरलेलं माप नसतं, आणि सोड्याच्या बाबतीत अर्ध्या चमच्याचा फरक जिभेला कळतो. वजनकाटा असेल तर उत्तमच. नसेल तर मैदा आधी मोकळा कर, चमच्याने कपात भर आणि सुरीच्या पाठीने सपाट कर. असा २४० मिलीचा कप साधारण १२०-१२५ ग्रॅमचा भरतो. तोच कप पिशवीत खुपसून दाबून काढला तर वीस-तीस ग्रॅम जास्त येतात आणि केक कोरडा होतो. या मापाने तुला दीड कप मैदा लागेल.

ओटीजी १७५ अंशांवर, वरखाली दोन्ही सळया चालू ठेवून, पंधरा मिनिटं तापू दे. हे सगळ्यात आधी, मैदा चाळायच्याही आधी. डब्याला तेलाचा हात लाव आणि तळाशी बेकिंगचा कागद घाल. मैदा, कोको, सोडा आणि मीठ एकत्र चाळ. सोड्याची गुठळी राहिली तर ज्याच्या घासात ती येईल त्याचं तोंड कडू होतं, आणि ते वाढदिवसाच्या मुलाचंच असायची शक्यता नेमकी जास्त असते. चाळून झालं की त्यात साखर मिसळ. दुसऱ्या भांड्यात पाणी, तेल आणि व्हॅनिला. पाण्याऐवजी गार झालेली काळी कॉफी घेतलीस तर चॉकलेटची चव गडद होते, कॉफीची अशी फारशी लागत नाही.

आता फोन दुसऱ्या खोलीत ठेव. ओल्या मिश्रणात व्हिनेगर घाल, ते लगेच कोरड्यावर ओत आणि हाताच्या फेटणीने तीस-चाळीस वेढे दे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांब. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. त्या मोडायच्या नादात फेटत बसलीस तर मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि केकमध्ये लांबट बोगदे पडतात, खाताना रबरासारखं लागतं. व्हिनेगर आणि सोडा भेटले की वायू सुटायला तिथेच सुरुवात होते, तो तुझ्यासाठी थांबत नाही. म्हणून मिश्रण डब्यात ओत, डबा ओट्यावर एकदा हलकेच आपट आणि दोन मिनिटांच्या आत तो ओव्हनमध्ये गेला पाहिजे. डबा दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. जाळी अशा उंचीवर लाव की केक ओटीजीच्या मधोमध येईल. डबा काळ्या रंगाचा असेल तर तो उष्णता जास्त ओढतो, मग १६५ अंश पुरे.

पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, काचेतून बघ. त्यानंतर वरचा भाग फार गडद व्हायला लागला तर फॉइलचा तुकडा अलगद ठेवायचा. तिसाव्या मिनिटाला मधोमध काडी घालून पाहा. ओलं मिश्रण चिकटलं तर आणखी पाच मिनिटं. एक-दोन ओलसर कण चिकटले तर झाला, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता थोडा वेळ काम करत राहते. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या आणि बोटाने हलकं दाबलं तर भाग परत वर येतो, ही दुसरी खूण. साधारण तीस ते पस्तीस मिनिटं लागतील, पण छोट्या ओव्हनचे आकडे बऱ्याचदा खोटं बोलतात. १७५ लावल्यावर आत १९० किंवा १६० असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो. तो घेणार नसशील तर तालीम तरी करच.

तालीम म्हणजे याच आठवड्यात अर्ध्या मापाचा केक, ६ इंची डब्यात. त्या डब्याचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या निम्म्याहून जरासं जास्त असतं, म्हणून सगळी मापं सरळ अर्धी चालतात. मैदा ९५ ग्रॅम, सोडा अर्धा छोटा चमचा, व्हिनेगर अर्धा मोठा चमचा, याप्रमाणे. बाविसाव्या-पंचविसाव्या मिनिटापासून काडी घालून पाहायला लाग. किती मिनिटं लागली, कोणती बाजू जास्त भाजली, हे कागदावर लिहून ओटीजीलाच चिकटव. मागची बाजू जास्त भाजत असेल तर खऱ्या दिवशी पंचविसाव्या मिनिटानंतर डबा एकदा फिरवायचा.

तालमीतही मध्ये खळगा पडला तर काडी खरंच मधोमध घातली होतीस का ते बघ. घाई झाली की ती कडेला घातली जाते. वर उंच घुमट येऊन फुटला तर ओव्हन जास्त तापतोय. अजिबात फुगला नाही तर सोडा जुना आहे: चमचाभर व्हिनेगरवर चिमूटभर टाकून पाहा, झटकन फेस यायला हवा. बेकिंग पावडर पुन्हा आणलीस तर तिची परीक्षा गरम पाण्यात करायची.

वरून द्यायला १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम क्रीम. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापव, उकळू नको. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओत, दोन मिनिटं हात लावू नको, मग मधून बाहेर असं हळूहळू ढवळ. तेल सुटून फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळ, बहुतेक वेळा जुळून येतं. केक पूर्ण थंड झाल्याशिवाय हे ओतायचं नाही, गरम केकवर ते पातळ होऊन कडांतून खाली उतरतं. डब्यातून केक काढायचाच नाही असं ठरवलंस तर आणखी सोपं: डब्यातच ओत, डब्यातच ने, डब्यातच कापा. प्रवासात मोडायला काही उरत नाही. क्रीम आहे म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि खायच्या तासभर आधी बाहेर काढ. सामान आणायच्या आधी ग्रुपमध्ये एक प्रश्न मात्र विचार: कुणाला कशाची ॲलर्जी आहे का? चॉकलेटच्या वेष्टनावर दूध, सोया, सुका मेवा यांचा उल्लेख असतो, तो वाचून घे.

आणि या केकवर लिहायचं काय? त्याचं नाव. तेवढंच.

तुझ्या त्या दोन मैत्रिणींना कल्पना भारी वाटते, कारण त्यांना फक्त बघायचं आहे. त्याच्या जागी उभी राहून पाहा. हातात सुरी, समोर तुझं मन, भोवती चार जण आणि त्यातल्या दोघांचे फोन चालू. त्याला ‘हो’ म्हणायचं असेल तरी ते तो अशा वेळी नीट म्हणू शकेल का? आणि ‘नाही’ असेल तर? मग त्याला दोनच वाटा उरतात: सगळ्यांसमोर तुला दुखवायचं, किंवा वेळ मारून नेण्यासाठी हसून काहीतरी बोलायचं आणि दोन दिवसांनी मेसेजवर खरं सांगायचं. गर्दीत मिळालेल्या होकाराचा तुलाही भरवसा वाटणार नाही. तो मनातून होता की भिडेखातर, हे तू रोज तपासत बसशील. चारचौघांत विचारणं धाडसाचं दिसतं खरं, पण त्यात समोरच्याची नाही म्हणायची सोय काढून घेतलेली असते.

वर्षभर आवडतो म्हणतेस, पण तो तुझ्याशी कसा वागतो याबद्दल पत्रात एक ओळ नाही. ते आठव. ग्रुप नसताना तो आपणहून बोलायला येतो का? तू मागे सहज बोललेली गोष्ट त्याला आठवते का? दोघांनीच भेटायचं त्याने कधी सुचवलंय का? की तो सगळ्यांशीच असा मोकळा आणि लाघवी आहे? तसा असेल तर तुला मिळतंय ते सगळ्यांनाच मिळतंय. यावरून उत्तर नक्की कळणार नाही, पण आपण पाहतोय ते किती आणि जोडतोय ते किती, एवढं तरी दिसेल. त्याचं दुसरीकडे कुठे जुळलेलं नाही ना, हेही माहीत करून घे. त्यासाठी हेरगिरी नको, त्याच्याच बोलण्यातून कळतं.

सांगायचं असेल तर परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर सांग. इथे मी जरा हट्टी आहे. परीक्षेच्या पाच दिवस आधी उत्तर कोणतंही आलं तरी तुझा अभ्यास जातो: नकार आला तर रडण्यात, होकार आला तर रात्रभर बोलण्यात. वर्षभर थांबलीस, आणखी दोन-तीन आठवड्यांनी काही हातचं जात नाही.

दिवसाउजेडी, चालता चालता सांग. चालताना एकमेकांकडे टक लावून बघावं लागत नाही, आणि दोघांनाही हवं तेव्हा निघता येतं. ग्रुपमधलं कुणी कोपऱ्यावर निकालाची वाट बघत उभं नको. वाक्य छोटं ठेव: “मला तू आवडतोस, मित्र म्हणून आवडतोस त्याहून जास्त. तुझ्या मनात तसं नसेल तर सरळ सांग. आत्ताच उत्तर दे असंही नाही.” आणि मग गप्प बस. ही गप्प बसायची पाच-दहा सेकंद फार जड जातात, त्यात माणूस घाबरून “नाही म्हणजे मी गंमत केली” असं काहीतरी बोलतो आणि सगळं पुसून टाकतो. तसं करू नको.

“हो, मलाही” हे होकाराचं उत्तर. “तू खूप चांगली आहेस, पण” यात पणच्या पुढचं ऐकायची गरज नाही. “बघू”, “सध्या काही डोक्यात नाही”, “मैत्री बिघडायला नको” हे सगळे नकारच आहेत, सभ्य माणसाने दिलेले. “मला विचार करायला वेळ दे” म्हणाला तर वेळ दे आणि परत तू विचारू नको, त्याला यायचं तर तो येईल. नकार आला तर “बरं झालं स्पष्ट सांगितलंस” एवढं म्हण. पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्याशी एकट्याने बोलणं कमी ठेव. अबोला धरायचा असं नाही, जरा हवा जाऊ द्यायची. आणि त्या दोघी मैत्रिणींना मध्यस्थ करू नको. त्या निरोप नेतील, पण नेताना त्यात स्वतःची साखर घालतील.

ग्रुपचे केक फुकट करायचं थांबव. त्यासाठी रुसवा नको, एक मेसेज पुरे: “केक मी आवडीने करेन, पण इथून पुढे सामानाचा खर्च सगळ्यांत वाटून, तीन दिवस आधी सांगायचं, आणि परीक्षेच्या महिन्यात केक नाही.” हा मेसेज या वाढदिवसानंतर पाठव, आधी नको, नाहीतर त्याच्याच केकपासून हिशोब सुरू झाला असं दिसेल. कुणाला जड वाटलं तर त्यांनी तयार केक आणावा, त्यात वाईट काही नाही.

राहिली रूममेट. पत्रात मुलावर आणि केकवर इतकं लिहिलंस, तिच्या वाट्याला एक ओळ आली. कदाचित तिच्याही लक्षात हेच आलं असेल. कोकोचं तेलकट भांडं सकाळपर्यंत ओट्यावर राहिलं की राग भांड्याचा असतोच, पण सगळा भांड्याचाच असतो असं नाही. केक ग्रुपसाठी, वेळ ग्रुपला, आणि खोलीवर फक्त पसारा, असं तर होत नाहीये? हे तिला सरळ विचार: “भांड्यांचं माझं चुकलंच. त्याशिवायही काही आहे का?” उत्तर आलं की लगेच आपली बाजू मांडायला धावू नको. ती “काही नाही” म्हणाली तर त्या दिवशी सोड, आठवड्याने पुन्हा एकदा विचार.

तालमीचा अर्ध्या मापाचा केक तिच्यासोबत खा. तो ग्रुपच्या फोटोसाठी नाही, खचला तरी चालेल असा आहे, आणि मीठ-साखर कमीजास्त झाली तर ती तुला स्पष्ट सांगेल. भांड्यांसाठी वेगळा वेळ काढायचीही गरज नाही: फेटणी, दोन भांडी, चाळणी आणि चमचे, एवढंच असतं. ओटीजीचं दार वीस-पंचवीस मिनिटं उघडायचं नाहीये, तेवढ्यात सगळं घासून, ओटा पुसून होतो. तिला मात्र ते झाल्यावर हाक मार.